लाकडी घाण्यासाठी पीएमईजीपीचं कर्ज: पहिल्या हिशेबापासून अनुदान वळतं होईपर्यंत

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझी मावसबहीण माहेरी आली होती. फराळाचं ताट बाजूला सारत म्हणाली, "ताई, घाणा टाकायचाय. बारा लाखांचं काम आहे, पस्तीस टक्के सरकार देतंय म्हणे. ते चार लाख हातात पडले की शेडचं काम सुरू करते."

मला तिथेच तिला थांबवावं लागलं. तिची माहिती खरी होती, क्रम मात्र उलटा होता. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, अनुदान आधी मिळत नाही आणि कधीही हातात मिळत नाही. आधी बँकेचं कर्ज, मग धंदा, मग तीन वर्षं नियमित हप्ते, आणि त्यानंतर ती रक्कम तुमच्या कर्जातून वजा. त्या दिवाळीपासून तिच्याबरोबर मी हा सगळा रस्ता चालले, नंतर गावातल्या आणखी काही जणींच्या फायली पाहिल्या. ज्यांनी अनुदान डोळ्यांसमोर ठेवून धंदा आखला त्या अडकल्या. अनुदान नाहीच असं धरून ज्यांनी हप्त्याचं गणित मांडलं त्यांना ते पैसे बोनससारखे कामी आले. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

योजना कोणासाठी आहे

ही योजना 2008 पासून सुरू आहे. आधीच्या पंतप्रधान रोजगार योजना आणि ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रम या दोन योजना एकत्र करून ती आली. देशपातळीवर खादी व ग्रामोद्योग आयोग ती राबवतो. जिल्ह्यात आयोग, राज्याचं खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्यापैकी कुठेही तुमचा अर्ज जाऊ शकतो. तिला दिलेली मंजुरी 2025-26 या आर्थिक वर्षापर्यंतची होती, त्यामुळे कागद गोळा करण्याआधी योजनेच्या पोर्टलवर नवे अर्ज घेतले जात आहेत का, ते पाहून घ्या.

वय 18 च्या वर हवं. उत्पन्नाची अट नाही. उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतचा आणि सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. उत्पादनात 10 लाखांच्या वर किंवा सेवेत 5 लाखांच्या वर जायचं असेल तर किमान आठवी पास असावं लागतं. नवरा-बायको मिळून एक कुटुंब धरतात आणि एका कुटुंबाला एकदाच लाभ मिळतो. दारू, तंबाखू असे धंदे वर्ज्य आहेत.

सगळ्यात जास्त लोक ज्या अटीवर पडतात ती वेगळीच आहे. उद्योग नवा हवा. आधीपासून चालणाऱ्या युनिटला ही योजना नाही, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून अनुदान घेतलेल्या युनिटलाही नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाने उत्साहाच्या भरात आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली, त्यात उद्योग सुरू झाल्याची तारीख टाकली, दोन यंत्रं उसनवारीने आणली आणि मग अर्ज केला. कागदावर तो जुना उद्योग ठरला. यंत्र, शेड, नोंदणी या सगळ्यांच्या तारखा कर्जमंजुरीनंतरच्या असू द्या. आधी काय करावं? शिकावं, भाव काढावेत, गिऱ्हाईक शोधावं. त्यासाठी कुठली पावती लागत नाही.

अनुदान किती

सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात प्रकल्पाच्या 15 टक्के, ग्रामीण भागात 25 टक्के. विशेष प्रवर्गाला शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग आणि तृतीयपंथी विशेष प्रवर्गात येतात. स्वतःचा वाटा सर्वसाधारण प्रवर्गाला 10 टक्के, विशेषला 5 टक्के.

बायांनो, महिला म्हणूनच तुम्ही विशेष प्रवर्गात बसता, जातीच्या दाखल्यासाठी तहसीलचे हेलपाटे घालायची गरज नाही. मात्र अर्ज बाईच्या नावावर आणि धंदा नवऱ्याच्या हातात, असला प्रकार करू नका. बँकेत प्रश्न तुम्हाला विचारणार आहेत, सही तुमची असणार आहे आणि हप्ता थकला तर सिबिलही तुमचंच बिघडणार आहे.

खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर इथे थोडं थांबा. केंद्राची दुसरी योजना, पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, 2020 मध्ये सुरू झाली. तिच्यात शहर-गाव, प्रवर्ग असा भेद न करता 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान आहे, आणि आधीपासून चालणाऱ्या युनिटलाही ते मिळतं. स्वतःचा वाटा किमान 10 टक्के. म्हणून शहरात राहणाऱ्या सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाला मसाल्याचं युनिट टाकायचं असेल तर पीएमईजीपीच्या 15 टक्क्यांपेक्षा ही योजना कितीतरी बरी. महाराष्ट्रात ती कृषी विभागाकडे आहे. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांचं मानधन योजनेतून निघतं, त्यांना तुम्ही काही द्यायचं नसतं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही 2019 पासून आहे आणि त्याची रचना पीएमईजीपीसारखीच आहे. एका युनिटला एकच अनुदान मिळतं, तेव्हा तिन्ही ठिकाणी अर्ज टाकून बसण्यापेक्षा कोणती योजना चालू आहे आणि आपल्याला कुठे जास्त बसतं ते पाहून आधी ठरवा.

बहिणीचं गाव ग्रामपंचायत हद्दीत, ती महिला, युनिट नवं. पीएमईजीपीत 5 टक्के वाट्यावर 35 टक्के अनुदान मिळत होतं, म्हणून आम्ही तिकडे गेलो.

आधी हिशेब, मग अर्ज

हा टप्पा लोक सायबर कॅफेवाल्यावर सोडतात आणि तिथेच पुढचं सगळं बिघडतं. तयार प्रकल्प अहवाल पाचशे-हजारात मिळतो. त्यात कुणा दुसऱ्याच जिल्ह्यातले भाव, कुणा दुसऱ्याच्या यंत्राची क्षमता. शाखाधिकाऱ्याने "शेंगदाणा काय भाव घेणार?" एवढं विचारलं तरी उत्तर येत नाही.

आमचा हिशेब असा होता. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, तुमच्या बाजारचे भाव तुम्ही घाला.

घाणा, गाळणी, बाटली भरायचं यंत्र आणि वीजजोडणी मिळून 6 लाख. शेड 2.5 लाख. खेळतं भांडवल, म्हणजे दाणे-बाटल्या घ्यायला लागणारा पैसा, 3.5 लाख. एकूण 12 लाख. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, शेडचा खर्च धरता येतो. स्वतःचा 5 टक्के वाटा 60 हजार. बँकेचं कर्ज 11 लाख 40 हजार. अनुदान 35 टक्क्यांनी 4 लाख 20 हजार.

बँकेचं कर्ज दोन भागांत येतं. यंत्र आणि शेडसाठी मुदत कर्ज, साधारण 8 लाख 7 हजार. खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागतील तसे पैसे काढायचं-भरायचं खातं, साधारण 3 लाख 32 हजार. व्याज 11 टक्के धरलं, सुरुवातीचे सहा महिने सवलतीचे, म्हणजे हप्ता न भरायचे, आणि पुढे साडेसहा वर्षं फेड, तर मुदत कर्जाचा हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास बसतो. कॅश क्रेडिट पूर्ण वापरलं तर त्याचं व्याज महिन्याला तीन हजार. म्हणजे दर महिन्याला साडेसतरा हजार बँकेचे. यात अनुदानाचा एक रुपयाही धरलेला नाही, मुद्दाम.

आता घाणा. 100 किलो शेंगदाणा 120 रुपये भावाने 12,000 रुपयांचा. लाकडी घाण्यावर त्यातून 38 किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे 42 लिटर तेल निघतं. लिटरला 340 रुपये मिळाले तर 14,280. उरलेली पेंड 58 किलो, 40 रुपयांनी 2,320. मिळून 16,600. दाण्याचे पैसे वजा केले की 4,600 राहतात. बाटल्या-लेबलला 600, वीज, वाहतूक, सांडलवंड यांना 500. क्विंटलमागे साडेतीन हजार हातात.

महिन्याचा ठरलेला खर्च मांडा: बँक साडेसतरा हजार, एक मदतनीस 12 हजार, आणि बहिणीच्या घराला किमान 15 हजार. साडेचव्वेचाळीस हजार झाले. भागिले साडेतीन हजार, म्हणजे महिन्याला 13 क्विंटल गाळप. तेल किती? साधारण 546 लिटर. एक घर महिन्याला पाच लिटर घेतं असं धरलं तर एकशे दहा घरं लागतात.

त्या रात्री वहीत हा आकडा निघाला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या गावात तीसच घरं घेतील." उरलेली ऐंशी कुठली, या प्रश्नावर तिने पुढचे तीन महिने काढले. दुसऱ्याच्या घाण्यावर मजुरी देऊन दाणे गाळून आणले, बाटल्या भरल्या, शाळेतल्या शिक्षिका, तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, पुण्या-मुंबईकडे राहणारे गावचे लोक यांना दिल्या. फोन नंबर लिहून ठेवले, महिन्याने पुन्हा विचारलं. अर्ज भरला तेव्हा तिच्याकडे पुन्हा तेल मागणाऱ्या सत्तर घरांची यादी होती. बँकेत त्या यादीने जे काम केलं ते प्रकल्प अहवालाने केलं नसतं.

तुमचा आकडा जुळत नसेल तर प्रकल्प लहान करा. शेड बांधण्याऐवजी भाड्याने घ्या. मोठ्या अनुदानाच्या मोहाने 12 चे 20 लाख करू नका. अनुदान वाढतं तसा हप्ताही वाढतो, आणि हप्ता पहिल्या वर्षापासून भरायचा असतो.

कागद

आधार, पॅन, शिक्षणाचा दाखला, फोटो, ग्रामपंचायतीकडून ग्रामीण भागाचा दाखला, लागू असेल तिथे प्रवर्गाचा दाखला, प्रकल्प अहवाल, यंत्रांची दरपत्रकं. जागा स्वतःची असेल तर उतारा, भाड्याची असेल तर करारनामा. आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतून प्रशिक्षण झालं असेल तर ते प्रमाणपत्रही जोडा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेतर्फे, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेतर्फे, चालणारी ही संस्था मोफत शिकवते, राहण्या-जेवणासकट. धंदा नवा असेल तर मी म्हणेन, आधी तिथेच जा.

आधार, पॅन आणि दाखल्यावर नाव एकसारखं आहे का ते नीट बघा. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, यात बायकांचे दोन-दोन महिने जातात. जागा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आताच करून ठेवा. थ्री फेज जोडणी मिळणार का, हेही वीज कार्यालयात आधी विचारा. शेड उभं राहिल्यावर ट्रान्सफॉर्मर पुरत नसल्याचं कळणं फार महागात पडतं.

दरपत्रक देणाऱ्या विक्रेत्याकडे स्वतः जाऊन चालू यंत्र पाहा. "कोटेशन वाढवून देतो, वरचे पैसे रोख परत करतो" असं सांगणारे भेटतात. असा माणूस दिसला की तिथून उठा. वाढीव किमतीचं कर्ज तुम्हीच व्याजासकट फेडणार असता आणि पडताळणीत यंत्राची किंमत जुळली नाही तर अनुदान जातं.

अर्ज आणि बँक

अर्ज फक्त पीएमईजीपीच्या सरकारी पोर्टलवर भरायचा, त्याला शुल्क नाही. यंत्रणा, म्हणजे आयोग, मंडळ की जिल्हा उद्योग केंद्र, आणि बँकेची शाखा तुम्हीच निवडायची. तुमचं बचत खातं जिथे जुनं आहे, बचत गटाचे व्यवहार जिथे झालेत ती शाखा घ्या. अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा. यंत्रणा कागद तपासून अर्ज बँकेकडे पाठवते. मंजुरीचा निर्णय बँकेचा. जिल्हा उद्योग केंद्राने फाइल पुढे पाठवली म्हणजे कर्ज मिळालं असं नसतं, आणि "मंजूर करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणाऱ्या कुठल्याही माणसाच्या हातात बँकेचा निर्णय नसतो.

फाइल पोचली की आठवड्याभरात शाखेत स्वतः जा. पहिल्या शाखेत आमच्या बहिणीला चार वेळा "पुढच्या महिन्यात या" ऐकावं लागलं आणि शेवटी तोंडीच नकार मिळाला. तोंडी नकार स्वीकारू नका. कारण लेखी मागा, पोर्टलवर शेरा पडला का ते पाहा. कारण दुरुस्त होण्याजोगं असेल, जसं जुनं थकीत कर्ज किंवा अपुरा कागद, तर दुरुस्त करून पुन्हा जा. शाखा दाद देत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला भेटा, प्रत्येक जिल्ह्यात हे पद असतं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे धावण्याचा सल्ला काही जण देतात, पण कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असल्याने त्यावर लोकपालाकडे दाद लागत नाही. बहिणीने शाखा बदलून घेतली. दुसऱ्या शाखेतल्या मॅडमनी सत्तर घरांची यादी पाहून त्यातल्या तिघांना तिथूनच फोन लावले.

तारणाचा प्रश्न येतोच. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला (बरीच वर्षं ही मर्यादा 10 लाख होती) तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्याच्या वरच्या कर्जाला सीजीटीएमएसई या केंद्राच्या पतहमी न्यासाचं संरक्षण घेता येतं. बँकेत हे शांतपणे, कागद पुढे ठेवून बोला.

मंजुरीनंतर

मंजुरीपत्र घरी आणून सावकाश वाचा: व्याजदर, मुदत, सवलतीचे महिने, कॅश क्रेडिटची मर्यादा. मग स्वतःचा वाटा भरायचा. उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं आहे, 5 लाखांच्या वरच्या प्रकल्पाला 10 दिवसांचं. ते लांबवलं की पुढचं सगळं लांबतं.

बँक यंत्राचे पैसे थेट विक्रेत्याला देते. कर्जाचा पहिला हप्ता बँकेतून सुटल्यावर बँकेने पोर्टलवर मार्जिन मनीचा, म्हणजे अनुदानाचा दावा टाकायचा असतो. हे काम बँकेचं असलं तरी लक्ष तुम्ही ठेवायचं. गर्दीच्या शाखेत दावा टाकायचा राहून जातो आणि सहा महिन्यांनी कळतं. बहीण दर सोमवारी फोन करायची. "आज टाकते" म्हणत मॅडमनी तिसऱ्या सोमवारी टाकला.

आलेलं अनुदान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जातं, बँकेच्या भाषेत टीडीआर. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्याच रकमेच्या कर्जावर बँकेने व्याजही लावायचं नसतं. आमच्या उदाहरणात 11 लाख 40 हजारांपैकी 4 लाख 20 हजारांवर व्याज नाही, म्हणजे 7 लाख 20 हजारांवरच व्याज. अनुदानाचा पहिला खरा फायदा इथे दिसतो, आणि तो मिळतोय का हे खातेउताऱ्यावर तपासावं लागतं. बहिणीच्या खात्यावर दोन महिने पूर्ण रकमेवर व्याज लागलं होतं. अर्ज दिल्यावर ते परत जमा झालं.

ती तीन वर्षं

उद्यम नोंदणी आता करा. ती मोफत आहे, आधार-पॅनवर होते. खाद्यपदार्थ असेल तर अन्न परवाना घ्या. युनिटवर बँकेचं आणि योजनेचं नाव असलेला फलक लावावा लागतो. अधिकारी प्रत्यक्ष पडताळणीला येतात, यंत्र चालू आहे का, माल निघतो का पाहतात. खरेदी-विक्रीच्या पावत्या, वीजबिलं, मजुराला दिलेले पैसे यांची फाइल शेडमध्येच ठेवा.

एक नियम फार कमी लोकांना ठाऊक आहे. खेळत्या भांडवलाची कॅश क्रेडिट मर्यादा या तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि वापर 75 टक्क्यांच्या खाली राहता कामा नये. नाही तर त्या प्रमाणात अनुदान परत घेतलं जातं. काटकसरीच्या बायका इथे फसतात. व्याज लागतं म्हणून खातं वापरतच नाहीत, घरच्या पैशांवर दाणे घेतात, आणि चांगली सवयच अंगाशी येते. म्हणून मुळात खेळतं भांडवल लागेल तेवढंच मागा, आणि मागितलेलं वापरा. सुगीत दाणा स्वस्त असतो, तेव्हा वर्षाचा साठा त्याच खात्यातून भरून ठेवा.

हप्ता चुकणार असं दिसलं तर तारीख उलटण्याआधी शाखेत जा. पावसाळ्यात बहिणीचे दाणे भिजले, त्या महिन्यात तिने आठवडाभर आधीच जाऊन सांगितलं आणि दहा दिवसांनी भरणा केला. पाहुण्यांना तेल उधार देऊन बँकेला थांबवू नका. मोठ्या दुकानदाराकडे पैसे अडकले तर 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा, कायदा कामाला येतो. सूक्ष्म उद्योगाकडून माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. उद्यम प्रमाणपत्र असेल तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते.

तीन वर्षं पूर्ण व्हायच्या महिनाभर आधी शाखेत लेखी अर्ज द्या: ठेवीची तारीख, रक्कम, कर्ज खाते क्रमांक, आणि "अनुदान कर्ज खात्यात वळतं करावं" ही विनंती. पडताळणी झाली नसेल तर यंत्रणेच्या कार्यालयालाही प्रत द्या आणि पोच घ्या. रक्कम वळती झाल्यावर नवा उतारा घ्या, उरलेलं कर्ज किती आणि हप्ता कमी होणार की मुदत, हे विचारा. बहिणीने हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली.